ऑइल खाणारी डर्ट बाइक

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटरसायकलने ऑइल पिणे हा बिघाड समजला जात नसे. टाकीतले ऑइल चालक हातपंपाने क्रँककेसमध्ये सोडी. ते बेअरिंगांना, सिलिंडरला लागे आणि जळून किंवा गळून संपे. परत टाकीत येण्याची सोयच नव्हती. मागे निळसर धूर निघत असला की ऑइल पोचत असल्याची खात्री पटे. धूर विरला की चालक घाईने पंप दाबी. इंग्लंडमधील सरे परगण्यात, कँबर्ली येथे १९२४ मध्ये ओबडधोबड माळावरची स्क्रँबल शर्यत झाली आणि तिथूनच मोटोक्रॉसचा इतिहास मोजला जातो. शर्यतीच्या गाड्यांत त्या काळी एरंडेल आवडीने वापरले जाई, कारण तापलेल्या धातूवर त्याचा थर टिकतो. मात्र जळल्यावर त्याची राळ होते, रिंगा खाचेत चिकटून बसतात आणि मग ऑइल आणखीच वर चढते.

पुढे पंपाने ऑइल फिरवून परत आणण्याची पद्धत रूढ झाली. ऑइल कमी झाले तर ते गेले कुठे, हा प्रश्न तेव्हा प्रथमच अर्थपूर्ण ठरला. धूर केव्हा निघतो यावरून मेकॅनिक निदान करू लागले. उतारावर थ्रॉटल बंद केल्यावर इनटेकमध्ये निर्वात तयार होतो आणि झिजलेल्या वॉल्व्ह गाइडमधून ऑइल आत ओढले जाते. पुन्हा थ्रॉटल उघडताच धुराचा लोट येतो. चढावर, इंजिन जोर लावत असताना सतत धूर असेल तर रिंगा गेलेल्या असतात. ही कसोटी आजही टिकून आहे.

साठच्या दशकात हलक्या टू-स्ट्रोक गाड्यांनी मैदान मारले. १९६६ मध्ये पाउल फ्रीडरिश्सने चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेडवर ५०० सीसीचे जागतिक विजेतेपद मिळवले. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे असल्याने धूर पुन्हा नेहमीचा झाला. राजदूत-येझदीच्या काळात महाराष्ट्रातल्या पेट्रोल पंपांवरही ही सवय मुरलेली होती. खरी फसगत इथेच होई. क्लचच्या बाजूचे क्रँक सील फाटले की क्रँककेस गिअरबॉक्सचे ऑइल शोषून घेई. जमिनीवर थेंब नाही, तरी पातळी घटलेली, प्लग ओला आणि धूर नेहमीपेक्षा दाट. मेकॅनिक इनटेक व एक्झॉस्ट बंद करून क्रँककेसमध्ये हलका हवेचा दाब देत. दाब उतरू लागला आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी हवा आली, तर दोष सीलचाच.

१९९७ मध्ये डग हेन्रीने लास वेगासची सुपरक्रॉस शर्यत फोर-स्ट्रोक यामाहावर जिंकली आणि पुढच्याच वर्षी वायझेड४००एफ बाजारात आली. अमेरिकेतील शर्यतीच्या नियमांनी फोर-स्ट्रोकला जादा सीसीची मुभा दिलेली होती. वजन वाचवण्यासाठी ऑइल मात्र फार थोडे ठेवले जाऊ लागले. २००२ च्या होंडा सीआरएफ४५०आर मध्ये इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे, आणि इंजिनात जेमतेम लिटरच्या आत. त्यामुळे इथे दोन्ही पातळ्या मोजणे ही पहिली पायरी ठरते: एक घटली आणि दुसरी वाढली असेल तर इंजिनाने ऑइल जाळलेले नाही, सीलमधून ते पलीकडे गेले आहे. एअरबॉक्समध्ये ऑइल साचले असेल तर ते ब्रीदरमधून आलेले असते, आणि कारण अनेकदा जास्त भरणे एवढेच निघते.

या इंजिनांत पिस्टनवर बहुधा एकच कॉम्प्रेशन रिंग आणि खाली ऑइल रिंग असते. सिलिंडरवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण मुलामा असतो, तरी एअर फिल्टरमधून शिरलेली बारीक धूळ रिंगा झपाट्याने घासते. कॉम्प्रेशन गेज इथे फारसे कामाचे नाही, कारण स्टार्ट करताना डीकॉम्प्रेसर एक वॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो. त्यापेक्षा लीकडाउन चाचणी बरी: पिस्टन वरच्या टोकाला आणून दाबाची हवा सोडायची आणि फुसफुस ब्रीदरमधून येते की एक्झॉस्टमधून, ते ऐकायचे. मात्र ही चाचणी कॉम्प्रेशन रिंगची परीक्षा घेते. ऑइल रिंग जाम असूनही आकडा उत्तम येऊ शकतो, आणि अनेक इंजिने याच कारणाने निर्दोष ठरवली जातात. धूर तरीही थांबत नसेल तर हेड उतरवावेच लागते. इनटेक वॉल्व्हच्या देठावर काळा चिकट थर असेल तर गाइड किंवा सील, पिस्टनच्या कडेला ओला कार्बन असेल तर रिंगा.