अभिषेकी, जितेंद्र
(२१ सप्टेंबर १९२९ – ७ नोव्हेंबर १९९८). ख्यातनाम मराठी गायक व स्वातंत्र्योत्तर संगीत रंगभूमीचे एक प्रमुख संगीतकार. जन्म गोव्यातील मंगेशी येथे. मूळ आडनाव नवाथे. मंगेश देवस्थानातील अभिषेकाच्या परंपरागत सेवेमुळे घराण्यास अभिषेकी हे नाव रूढ झाले. वडील बळवंतराव हे कीर्तनकार असल्याने शब्द, स्वर व निरूपण यांचा मेळ त्यांच्या कानांवर बालपणीच पडला. गिरिजाबाई केळेकर, जगन्नाथबुवा पुरोहित, अजमत हुसेनखाँ प्रभृतींकडे त्यांनी रागसंगीताची तालीम घेतली. मुंबई आकाशवाणीच्या कोकणी विभागातही त्यांनी काही काळ काम केले.

चित्रपटाच्या प्रसारानंतर मराठी संगीत नाटकास उतरती कळा लागली होती. पदांची मोठी संख्या, रात्रभर चालणारे प्रयोग व ‘वन्समोअर’मुळे खंडित होणारे कथानक ही जुनी पद्धती नव्या प्रेक्षकास रुचेनाशी झाली होती. गाणे ठेवावे तर नाट्य मागे पडते आणि गाणे गाळावे तर परंपराच संपते, असा हा पेच होता. दि गोवा हिंदु असोसिएशनने रंगभूमीवर आणलेल्या वसंत कानेटकरांच्या *मत्स्यगंधा* (१९६४) या नाटकाच्या संगीतातून अभिषेकींनी त्यास उत्तर दिले. पदे मोजकी व आटोपशीर ठेवून, रागाचा विस्तार प्रसंगातील भावनेपुरता मर्यादित करून आणि शब्दांच्या अर्थास प्राधान्य देऊन त्यांनी नाट्यपदाचा नवा घाट सिद्ध केला. रामदास कामत व आशालता यांनी गायिलेली यातील पदे लोकप्रिय झाली.

वि. वा. शिरवाडकरांच्या *ययाति आणि देवयानी* (१९६६) या नाटकास त्यांनी रागाधिष्ठित संगीत दिले. तर कानेटकरांच्या *लेकुरे उदंड जाली* (१९६६) या सुखात्मिकेसाठी पाश्चात्त्य ‘म्युझिकल’च्या धर्तीवर संवादांना लागून येणाऱ्या हलक्याफुलक्या चाली योजिल्या. *हे बंध रेशमाचे* (१९६८) व *मीरा मधुरा* (१९७०) ही त्यांच्या संगीताने नटलेली अन्य नाटके होत.

त्यांच्या नाट्यसंगीताचा कळस पुरुषोत्तम दारव्हेकरलिखित *कट्यार काळजात घुसली* (१९६७) या नाटकात आढळतो. दोन गायकी व दोन वृत्ती यांतील संघर्ष हाच येथे नाट्यविषय असल्याने संगीत हे कथानकाचे अलंकरण न राहता त्याचा कणाच बनले. पंडितजी व खाँसाहेब यांच्या गायनशैलींचा भेद श्रोत्यास ऐकताक्षणी जाणवणे आवश्यक होते. त्यासाठी अभिषेकींनी एकच पद दोन भिन्न चालींत बांधले. त्यांतील एका चालीसाठी सालगवराळी हा कर्नाटक पद्धतीचा राग वापरला. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे यांनी या संगीतास विलक्षण उंचीवर नेले.

नाट्यसंगीताखेरीज अभंग, भावगीते व कोकणी गीते यांच्या चालींनीही ते लोकप्रिय झाले. त्यांनी अनेक शिष्य घडविले. त्यांत प्रभाकर कारेकर, अजित कडकडे, देवकी पंडित, तसेच पुत्र शौनक यांचा समावेश होतो. त्यांना पद्मश्री (१९८८) व संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९८९) हे सन्मान लाभले. पुणे येथे त्यांचे निधन झाले.

संगीत नाटकांची निर्मिती पुढे रोडावत गेली, हे खरे. तथापि अभिषेकींची पदे मैफली, ध्वनिमुद्रिका व आकाशवाणी यांद्वारे नाटकांबाहेरही टिकून राहिली. *कट्यार*वर आधारित चित्रपटात (२०१५) त्यांच्या मूळ चालींचा उपयोग करण्यात आला. नव्या काळातही नाट्य आणि संगीत परस्परांस पूरक ठरू शकतात, हे त्यांनी कृतीने दाखवून दिले. संगीत रंगभूमीच्या इतिहासातील त्यांचे महत्त्व मुख्यतः यातच आहे.