चाहत्यांचे मेळे आणि त्यांचे मांडव

एखाद्या कलाकृतीवर जीव लावणारी माणसे एकत्र जमली म्हणजे ती काय बोलतात, याचा विचार पुष्कळांनी केला आहे. ती कोणत्या मांडवाखाली बोलतात, इकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. आमच्या मते या इतिहासाची किल्ली त्या मांडवातच आहे.

१९२६ साली अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढले. पुढे वाचकांच्या पत्रांखाली त्यांचे पत्तेही छापले जाऊ लागले. झाले! संपादकाला लिहिणारे वाचक आता एकमेकांना लिहू लागले. विज्ञानकथांच्या चाहत्यांचा समाज जुळून आला, त्यात या साध्या सोयीचा वाटा मोठा होता.

इंटरनेटलाही हाच न्याय लागू पडतो. १९९९ साली निघालेल्या लाइव्हजर्नलवर प्रत्येकाची स्वतंत्र रोजनिशी असे. ती कोणी वाचावी हे लिहिणाराच ठरवी, आणि अभिप्रायाखाली उत्तरप्रत्युत्तरांची साखळी वाढत जाई. ओसरीवर बसून निवांत वाद घालावा, तशी ही जागा. २००७ चे टम्बलर म्हणजे भर बाजार! दुसऱ्याचा मजकूर उचलून आपल्या पानावर पुन्हा मांडणे, हा तेथला मुख्य व्यवहार. त्यामुळे चित्रे व विनोद झपाट्याने पसरले. पण चौघांत बोललेला शब्द चारशे परक्यांच्या हाती पडू लागला. माणसे तीच, प्रेमही तेच. पालटला तो मांडव.

आणि मांडव दुसऱ्याच्या मालकीचा असला म्हणजे काय होते? मे २००७ मध्ये लाइव्हजर्नलने सुमारे पाचशे रोजनिशा एकाएकी बंद केल्या. त्यांत चाहत्यांच्या कथालेखनाची पानेही सापडली. बंद पडलेल्या नावांवर आडवी रेघ दिसे. पुढे चालकांनी माफी मागून कित्येक पाने परत दिली, तथापि विश्वास उडाला तो उडालाच.

त्याच वर्षी चाहत्यांनी आपली ना-नफा संस्था स्थापन केली. नोव्हेंबर २००९ मध्ये तिचे ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे कथाभांडार सर्वांसाठी उघडले. ते स्वयंसेवक चालवतात आणि त्यावर जाहिराती नाहीत. २०१९ साली त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. हा ह्यूगो म्हणजे पत्ते छापणारे ते गर्न्सबॅकच!

तरी प्रश्न पुरता सुटला, असे आम्हांस वाटत नाही. या भांडारात कथा जपल्या जातात. पण तेथे खाजगी निरोप धाडण्याची सोय नाही. म्हणून मनमोकळ्या गप्पांसाठी चाहत्यांना आजही परक्याच्या मांडवाखाली जावे लागते. कोठार आपले झाले. ओसरी अजून दुसऱ्याचीच आहे.