कपाळावरची आठी आणि डोळ्यांचे डॉक्टर

बोटॉक्सची कुपी पहिल्यांदा पाहणाऱ्याला रिकामीच वाटते. तळाशी पांढुरका, जेमतेम दिसेल असा पातळ थर असतो, बाकी सगळी काच. डॉक्टर रबरी बुचातून सुई आत घालतात आणि आतल्या पोकळीमुळे सिरिंजमधलं सलाइन आपोआप कुपीत ओढलं जातं. ते ओढलं गेलं नाही तर कुपी टाकून द्यायची असा नियम आहे. मग ती हलकेच फिरवायची, जोरात हलवायची नाही. समोर बसलेल्या बाईंना डॉक्टर म्हणतात, ‘ताई, आठी घाला बरं एकदा.’ दोन भुवयांच्या मध्ये उभ्या रेघा उमटतात, आणि केसासारख्या बारीक सुईने पाच ठिकाणी टोचलं जातं : एक नाकाच्या मुळाशी, दोन-दोन दोन्ही बाजूंना. प्रत्येक ठिकाणी 4 युनिट, एकूण 20. ‘चार तास आडवं होऊ नका, कपाळ चोळू नका,’ एवढी सूचना मिळते आणि काम संपतं. सगळं मिळून दहा मिनिटं.

या दहा मिनिटांच्या मागे दोनशेहून जास्त वर्षं आहेत. मागे मागे जात राहिलं तर आधी डोळ्यांचा दवाखाना लागतो, त्याच्या मागे लष्करी प्रयोगशाळा, आणि सर्वांत मागे जर्मनीतला एक गरीब मुलूख, जिथे लोक घरी केलेलं सॉसेज खाऊन मरत होते. आज हे इंजेक्शन बऱ्यापैकी निर्धोक आहे ते या लांबच्या वाटेमुळे, असं माझं ठाम मत आहे. कारण सुरकुत्यांवर सुई चालवण्याचा एक जवळचा रस्ताही माणसाने आधी धरून पाहिला होता.

तो रस्ता व्हिएन्नातून निघाला. 1899 मध्ये रॉबर्ट गेरसुनी या शल्यचिकित्सकाने क्षयामुळे वृषण काढावं लागलेल्या एका तरुणाला त्या जागी व्हॅसलीन टोचलं. शरीराचा गेलेला आकार परत आला. ही बातमी पसरली आणि थोड्याच वर्षांत युरोप-अमेरिकेत वितळवलेलं पॅराफिन बसक्या नाकांत, खोल गालांत, सुरकुत्यांत भरलं जाऊ लागलं. आरशात फरक त्याच दिवशी दिसायचा, म्हणून गिऱ्हाइकांची वानवा नव्हती. पण मेण जागेवर राहीना. ते खाली उतरायचं, त्याच्याभोवती कठीण गाठी धरायच्या, त्या कापून काढताना चेहरा आणखी विद्रूप व्हायचा. काहींच्या रक्तवाहिनीत मेण शिरून दृष्टी गेली. ग्लॅडिस डीकन ही पुढे मार्लबरोची डचेस झालेली, तिच्या काळात रूपासाठी नावाजलेली स्त्री. नाकाची रेघ सरळ व्हावी म्हणून तिने मेण टोचून घेतलं आणि ते हनुवटीकडे घसरलं. उरलेलं दीर्घ आयुष्य तिने तो चेहरा घेऊन काढलं. चेहऱ्यात काय घालतो आहोत आणि ते आत गेल्यावर काय करेल, हे न कळताच घाई केली गेली. 1960 च्या दशकात पातळ सिलिकॉनच्या बाबतीत हीच चूक पुन्हा झाली.

लांबच्या वाटेवरचा पहिला माणूस युस्टिनुस केर्नर. दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमधला सरकारी जिल्हा डॉक्टर आणि त्या भागातला नामांकित कवी. नेपोलियनच्या लढायांनी हा मुलूख पार नागवला होता. मांस टिकवण्यासाठी ते आतड्यात भरायचं, उकळायचं, धुरावर ठेवायचं ही जुनी रीत होती, पण दारिद्र्यात स्वच्छता आणि जळण दोन्हींची काटकसर झाली. सॉसेज खाल्लेल्या माणसाला एक-दोन दिवसांत दोन-दोन दिसू लागायचं, पापण्या खाली यायच्या, तोंड कोरडं पडायचं, गिळता येईना, आणि शेवटी श्वास थांबायचा. 1793 मध्ये विल्डबाड गावात अशाच एका जेवणातून 13 जण आजारी पडले, त्यांतले 6 गेले.

केर्नरने हे रोगी एकेक करून नोंदवले. 1820 च्या पुस्तकात 76 आणि 1822 च्या पुस्तकात 155 रोग्यांची टिपणं आहेत. त्याने नासलेल्या सॉसेजचा अर्क काढून मांजरांना, सशांना, पक्ष्यांना दिला, आणि मग थेंब थेंब स्वतःच्या जिभेवर घेतला. त्याच्या निरीक्षणांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे : रोग्याची शुद्ध जात नाही, बुद्धी शाबूत राहते, स्पर्श कळतो. जातं ते फक्त हालचालीचं आणि ओलाव्याचं बळ. अश्रू आटतात, लाळ आटते, घाम आटतो. यावरून त्याने निष्कर्ष काढला की हे विष मज्जातंतूंकडून निघणारा हुकूम स्नायूपर्यंत पोचू देत नाही. जिवाणू हे रोगाचं कारण असतात ही गोष्टच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हती, सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसलेलं नव्हतं. तरी त्याने पुढचं पाऊल टाकलं आणि लिहिलं की अगदी अल्प मात्रेत हेच विष औषध ठरावं : अंगाला अनावर झटके येणाऱ्या रोगात, अतिघामात, स्राव थांबत नाहीत अशा व्याधींत. रोग्याच्या उशाशी बसून नीट पाहणं आणि त्यावर विचार करणं, एवढ्या दोनच साधनांवर तो इथवर आला.

विषाचा धनी सापडायला मात्र शतक संपत आलं. डिसेंबर 1895 मध्ये बेल्जियममधल्या एलेझेल गावात एका अंत्यविधीला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी तिथल्या जेवणात खारवलेला हॅम खाल्ला. तिघे दगावले, इतर कित्येक मरता मरता वाचले. गेंट विद्यापीठातल्या एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या हॅममधून आणि मृताच्या शरीरातून तोच जिवाणू वेगळा काढला. हवा नसेल तिथेच वाढणारा हा जिवाणू आज क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या नावाने ओळखला जातो. व्हान एर्मेंगेम हे जिवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखचे शिष्य होते, आणि त्या शिस्तीची छाप त्यांच्या कामावर स्पष्ट दिसते.

पुढचा टप्पा युद्धाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात शत्रू हे विष वापरील या धास्तीने अमेरिकेने मेरीलँडमधल्या कँप डेट्रिक इथे त्यावर काम सुरू केलं. 1946 मध्ये ते शुद्ध स्फटिकरूपात मिळालं. एडवर्ड शँत्झ हे तिथले जीवरसायनशास्त्रज्ञ. शुद्ध विष कसं बनवायचं, कसं टिकवायचं यात त्यांनी हयात घालवली, आणि मागेल त्या संशोधकाला ते संशोधनासाठी पाठवत राहिले. याच सुमारास, 1949 मध्ये, ब्रिटनमध्ये आर्नल्ड बर्गन यांनी दाखवून दिलं की हे विष मज्जातंतूच्या टोकाशी असेटिलकोलिन हे रसायन बाहेर पडू देत नाही. केर्नरचा तर्क सव्वाशे वर्षांनी प्रयोगशाळेत खरा ठरला.

आता डोळ्यांचे डॉक्टर येतात. सॅन फ्रान्सिस्कोचे अ‍ॅलन स्कॉट तिरळेपणावर उपचार करत. डोळा फिरवणारा एखादा स्नायू दुसऱ्यापेक्षा जोरकस असला की डोळा त्या बाजूला ओढला जातो, आणि त्याला इलाज म्हणजे शस्त्रक्रिया. कितीतरी मुलांवर ती दोन-दोन, तीन-तीनदा करावी लागे. स्नायू न कापता थोडा सैल करता आला तर, या विचाराने त्यांनी अनेक रसायनं माकडांच्या डोळ्यांच्या स्नायूंत टोचून पाहिली, पण कोणतंच पुरेसं टिकेना किंवा त्रासदायक ठरे. डॅनियल ड्रॅकमन या मज्जातंतुतज्ज्ञांनी त्यांना शँत्झचं नाव सांगितलं. शँत्झनी विष पाठवलं. 1973 मध्ये माकडांवरचे निष्कर्ष छापून आले, आणि सरकारी परवानगी घेऊन माणसावरचं पहिलं इंजेक्शन द्यायला 1970 चं दशक सरत आलं. नेमक्या स्नायूतच सुई गेली आहे ना, हे कळावं म्हणून स्कॉट सुईलाच विद्युत्-संवेदक जोडत आणि स्नायूचा आवाज ऐकत ऐकत पुढे जात. नोव्हेंबर 1979 मध्ये शँत्झनी बनवलेला, दोनशे मिलिग्रॅमच्या आतला एकच साठा 1997 पर्यंत रोग्यांना पुरला. मात्रा किती सूक्ष्म आहे हे समजायला एवढा एक तपशील पुरेसा आहे.

तिरळेपणापेक्षाही ज्यांचं आयुष्य या औषधाने पालटलं ते पापण्यांच्या आकडीचे रोगी. डोळे निरोगी असूनही त्यांच्या पापण्या आपोआप गच्च मिटतात. रस्ता ओलांडता येत नाही, वाचता येत नाही, दिसत असूनही माणूस आंधळा होतो. पूर्वी त्यांना मानसिक रोगी ठरवून बाजूला सारत. पापणीभोवती टोचलेल्या काही थेंबांनी त्यांचे डोळे उघडू लागले. डिसेंबर 1989 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या दोन्ही रोगांसाठी मान्यता दिली. औषधाचं नाव ऑक्युलिनम होतं. 1991 मध्ये ते अ‍ॅलर्गन कंपनीने घेतलं आणि त्याचं बोटॉक्स झालं.

सुरकुतीचा शोध लागला तो अशाच एका रोगिणीमुळे. जीन कॅरुथर्स या कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ, स्कॉट यांच्याकडे शिकून आलेल्या. 1987 मध्ये पापण्यांच्या आकडीची एक बाई त्यांच्यावर नाराज झाली : या वेळी तुम्ही भुवयांच्या मध्ये टोचलं नाहीत, तिथे टोचलं की माझा चेहरा कसा निवांत दिसतो. जीनबाईंचे पती अ‍ॅलस्टेर त्वचारोगतज्ज्ञ होते, आणि आठ्यांवर त्या वेळी चांगला इलाज नाही ही त्यांची रोजची अडचण होती. संध्याकाळी घरी ही गोष्ट निघाली. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या स्वागतिकेने स्वतःचं कपाळ पुढे केलं. लोक मात्र विषाच्या नावानेच दचकत, त्यामुळे 1992 मध्ये निबंध छापला गेला तेव्हा त्यात फक्त 18 जणांचे निष्कर्ष होते. आठीसाठी अमेरिकेची मान्यता आली एप्रिल 2002 मध्ये.

औषध मुळात त्वचेला काही करत नाही. आठी घालणारे छोटे स्नायू भुवयांच्या आतल्या टोकाशी असतात. विष त्यांच्या मज्जातंतूच्या टोकात शिरतं आणि असेटिलकोलिनच्या पिशव्या बाहेर सोडायला लागणारं एक प्रथिन कापतं. मज्जातंतू मरत नाही. तीन-चार दिवसांत स्नायू ढिला पडतो, त्वचेला चुणी पडायची थांबते, आणि तीन-चार महिन्यांत तंतूचं टोक पुन्हा कामाला लागतं. सुई थोडी चुकली आणि औषध खाली उतरलं तर पापणी काही आठवडे लोंबते. केर्नरच्या रोग्यांच्या पहिल्या लक्षणांपैकी एक हेच होतं.

चेहऱ्यावरच्या दुसऱ्या सुईची, म्हणजे फिलरची, गोष्टही डोळ्यातूनच सुरू होते. 1934 मध्ये कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून हायलुरोनिक आम्ल वेगळं केलं. पुढे एंड्रे बालाझ यांनी ते कोंबड्याच्या तुऱ्यातून इतकं शुद्ध मिळवलं की 1980 च्या आसपास मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याचे नाजूक पडदे सांभाळायला ते वापरता येऊ लागलं. त्याच सुमारास, 1981 मध्ये, गाईच्या कातडीतलं कोलॅजेन सुरकुत्यांत भरायला अमेरिकेत मान्यता मिळाली होती. पण त्याची अ‍ॅलर्जी येई, म्हणून आधी हातावर चाचणी घेऊन काही आठवडे थांबावं लागे. स्वीडनमध्ये 1996 ला जिवाणूंकडून बनवून घेतलेलं, रेणू एकमेकांत गुंफून टिकाऊ केलेलं हायलुरोनिक आम्ल बाजारात आलं आणि कोलॅजेन मागे पडलं. याचा मोठा गुण म्हणजे चुकलं तर एका विकराने ते विरघळवता येतं. धोका मात्र पॅराफिनच्या काळातलाच आहे : भुवयांच्या मध्ये किंवा नाकावर टोचताना ते रक्तवाहिनीत गेलं तर डोळ्याचा रक्तपुरवठा तुटून कायमचं अंधत्व येऊ शकतं. ब्यूटी पार्लरमध्ये, दोन दिवसांचं शिबिर करून आलेल्या हाताकडून फिलर घेऊ नये, हे मला इथे अगदी कळकळीने सांगायचं आहे.

नाव ओळखीचं झालं की भीती संपते, हा या वाटेवरचा नवा धोका. आपल्याकडच्या पार्लरांत ‘हेअर बोटॉक्स’च्या पाट्या दिसतात. त्या केसांच्या लेपात हे औषध नसतंच, पण नाव मात्र शांपूइतकं घरगुती होऊन बसतं. 2004 मध्ये फ्लोरिडात स्वस्त पडतं म्हणून संशोधनासाठीचं, माणसांसाठी मनाई असलेलं कच्चं विष एका दवाखान्यात टोचलं गेलं. टोचणाऱ्या डॉक्टरसह चौघे लुळे पडले, त्यांना महिनोन्‌महिने श्वासयंत्रावर राहावं लागलं. स्कॉट आणि शँत्झ यांनी वर्षानुवर्षं खपून ठरवलेली मात्रा एका दुपारी मोडली गेली होती. म्हणून कुपी आपल्यासमोर उघडायला सांगावं, औषधाचं नाव, मुदत आणि युनिट विचारावेत. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

आठीची प्रसिद्धी मोठी असली तरी केर्नरने सुचवलेली आणि त्यापलीकडची कामंही एकेक करून होत आहेत. काखेतल्या अतिघामासाठी 2004 मध्ये, जुनाट अर्धशिशीसाठी 2010 मध्ये, अनावर गळणाऱ्या लाळेसाठी 2018 मध्ये या विषाच्या कुठल्या ना कुठल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची पोटरी आखडून टाच जमिनीला टेकत नाही, त्यांनाही हीच कुपी उपयोगी पडते. मुलाच्या वजनावर मात्रा काढायची, पोटरीत टोचायचं आणि स्नायू सैल आहे तेवढ्या महिन्यांत नेटाने व्यायाम करून घ्यायचा. काही महिन्यांनी पुन्हा तेच, आणि दर खेपेला नवी महागडी कुपी. कपाळासाठी होणाऱ्या खर्चाची चर्चा आपल्याकडे भरपूर होते. या मुलांच्या कुपीचा खर्च कोणी उचलायचा, ही चर्चा त्याहून आधी व्हायला हवी.