तबकडीची नोंद

गोंडपिपरीत एकादशीचे भजन आटोपल्यावर एका तरुणाने जुनी कॅसेट पुढे केली. आपल्याच भागातील भजनी मंडळाची. काढणारी कंपनी म्हणजे एक माणूस, एक खोली, एक यंत्र. "महाराज, ज्ञानकोशात हिची नोंद व्हायला नको का?" मंडळी हसली. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

ज्ञानकोशाचा ध्यास विदर्भाला जुना. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम नागपुरातच आरंभले. त्याच्याही आधी, १७६२ साली, महिपतीबुवा ताहाराबादकरांनी 'भक्तविजय' सिद्ध करून आपल्याला संतचरित्रांचा कोशच दिला. हे आपल्या मनचे नाही, नाभाजी व उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांचा आधार घेतला आहे, असे ते स्वच्छ सांगतात. मला वाटते, नोंदीची खरी कसोटी हीच. थोर-लहान हा प्रश्न नाही. परक्या कुणी साक्ष ठेवली आहे काय, हा आहे. मंगळवेढ्याला कुसाखाली दडपलेल्या चोखोबांची साक्ष नामदेवरायांनी ठेवली. धन्याने स्वतःची थोरवी सांगितली तर ती जाहिरात.

मुंबईत १९३५ च्या सुमारास 'यंग इंडिया' नावाच्या तबकड्या निघू लागल्या. नाव गांधीजींच्या साप्ताहिकाचेच. नामवंत गवई 'एचएमव्ही'सारख्या मोठ्या कंपन्यांशी बांधलेले, म्हणून यांनी नवख्या, हौशी गळ्यांना संधी दिली. एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे! आपला एक अभंग आळवायला तेवढ्यात चालही धरत नाही. तबकडी लाखेची, पळस-कुसुमावरच्या किड्याची ती लाख, आपल्या रानाला अनोळखी नव्हे. महायुद्धात लाख दुर्मिळ झाली, तेव्हा कित्येक देशांत जुन्या तबकड्या मोडून नव्या केल्या गेल्या. गळे गेले, माल उरला.

'यंग इंडिया' पुढे १९५५ च्या सुमारास बंद पडली. तरी तिची नोंद व्हावी असे मी म्हणेन. कारण १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'चे सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या संग्राहकांनी तिच्याविषयी शोधून लिहिले. त्यांचा त्या धंद्यात काडीचा वाटा नव्हता.

तरुणाला म्हणालो, "बाबा, तुझ्या कॅसेटची नोंद आज नाही होणार. तिच्याविषयी कुणी लिहिलेलेच नाही." त्याचा चेहरा उतरला. मग आम्ही वेष्टन उलटून पाहिले. गायकांची नावे होती, मृदंग्याचे नव्हते. ते नाव गावातल्या दोघा म्हाताऱ्यांना ठाऊक होते. तरुणाने वही मागितली.