मुक्त संगणक-प्रणाली आणि हैदराबादचा लोकाश्रय

भाषेला राजाश्रय लाभला नाही, तर तिला लोकाश्रयाचाच आधार असतो. निजामी राजवटीत उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. तेलुगू, मराठी आणि कन्नड यांना आपापली ग्रंथालये व शाळा स्वतःच उभ्या कराव्या लागल्या. १९०१ साली हैदराबादेत श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम स्थापन झाले. नागपुरात शिकलेले, मराठी जाणणारे कोमर्राजू लक्ष्मणराव त्याच्या प्रवर्तकांपैकी एक होते. त्यानंतर शतकाने तोच प्रश्न संगणकाच्या रूपाने पुन्हा उभा राहिला : या यंत्रात आपल्या भाषेला जागा कोण देणार ?

या प्रश्नाचे एक उत्तर मुक्त संगणक-प्रणालीने दिले. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९८९ मधील त्यांच्या सार्वजनिक परवान्याने प्रणाली वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा सर्वांस दिली. अट एकच, बदललेली प्रणाली वाटताना तीच मुभा पुढच्यालाही द्यावी. १९९१ साली हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्‌स याने ‘लिनक्स’ जगापुढे ठेवले आणि देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी ते वाढवले. परवान्याने दार उघडले हे खरे; पण घर भरले ते माणसांनी.

हैदराबादेत १९९८ साली सायबर टॉवर्सची वास्तू उभी राहिली आणि शहराची ओळख पालटली. त्याच वर्षी येथे आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. विनीत चैतन्य, राजीव संगल, अंबा कुलकर्णी प्रभृतींचा ‘अनुसारक’ हा प्रकल्प कानपूरला सुरू होऊन पुढे याच शहरात वाढला. तेलुगू, कन्नड, मराठी आदी भाषांतील मजकूर हिंदी वाचकास उलगडून दाखवणारे हे साधन मुक्त परवान्याखाली खुले करण्यात आले. अशा कामाला लागणारे कोश मूठभर तज्ज्ञांच्या श्रमांनी पुरे होत नाहीत. त्यांना त्या त्या भाषेच्या जाणकारांची साथ लागते.

‘स्वेच्छा’ या संघटनेने २००५ साली तेलुगू संगणक-प्रणाली प्रसिद्ध केली. तिच्या कार्यात अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचा मोठा वाटा राहिला. भाषांतराचे हे काम वरवर क्षुल्लक दिसते. तथापि ‘सेव्ह’ला ‘जतन करा’ म्हणावे, ‘साठवा’ म्हणावे की मूळ शब्दच ठेवावा, याचा निवाडा केवळ कोशकाराने करून चालत नाही. वापरणाऱ्याच्या जिभेवर तो शब्द बसावा लागतो. विद्यार्थी स्वतः भाषांतर करतो, चूक आढळल्यास सुधारतो आणि मित्राच्या संगणकावर ती प्रणाली बसवून देतो. जाहिरातीविना प्रसार होतो तो असा. उलटपक्षी, स्वयंसेवक पांगले की खुली प्रणालीही जुनी होऊन पडून राहते. कपाटात न उघडलेल्या ग्रंथाची जी गत, तीच तिची.

मराठीतही १ मे २००३ रोजी सुरू झालेला विकिपीडिया अशाच विनामोबदला श्रमांवर उभा आहे. वाचक हाच कार्यकर्ता व्हावा, हे ग्रंथालय चळवळीचे जुने सूत्र होय. परभाषिक नगरात मराठी ग्रंथालय चालवणाऱ्यांना ते नव्याने शिकवण्याची आवश्यकता नाही. संगणकाच्या क्षेत्रात ते आचरणात आणणे मात्र अद्याप पुष्कळ बाकी आहे.