अलार्म वाजला तरी ‘ऑफ’, लाइट गेली तरी ‘ऑफ’

हा एपिसोड सकाळी ऐकत असाल, तर आधी एक सांगा. आज तुमचा अलार्म ‘वेंट ऑफ’ झाला का? म्हणजे वाजला का? आणि रात्री लाइट्स ‘वेंट ऑफ’ झाले असतील, तर ते गेले. शब्द तेच, पण एकदा गोष्ट सुरू होते आणि एकदा बंद. ब्रश करता करता हे डोक्यात आलं आणि मग ऑफिसला निघेपर्यंत सुटेना.

असे उलट्या अर्थांचे शब्द इंग्रजीत बरेच आहेत. त्यांना कॉन्ट्रोनिम म्हणतात. ‘जेनस शब्द’ असंही म्हणतात, कारण जेनस हा रोमन लोकांचा दोन तोंडांचा देव. पण मला यादी वाचून दाखवायची नाहीये. मजा आहे ती हे शब्द असे झाले कसे यात. आणि एकदा तर असा शब्द थेट महायुद्धाच्या मीटिंगमध्ये आडवा आला.

डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरवर हल्ला होऊन दोन आठवडे झालेत. चर्चिल आपले सेनाधिकारी घेऊन वॉशिंग्टनला पोचतात. या बैठकांचं सांकेतिक नाव ‘आर्केडिया’. जपान आणि जर्मनीशी एकत्र कसं लढायचं, हे दोन्ही देशांना ठरवायचंय. ब्रिटिशांकडे एक तातडीचा कागद होता. ते म्हणाले, हा ‘टेबल’ करूया. त्यांच्या मते याचा अर्थ, आत्ता लगेच चर्चेला घेऊया. अमेरिकनांना ऐकू आलं की हा बाजूला ठेवूया. त्यांनाही तो विषय महत्त्वाचा वाटत होता, म्हणून ते विरोध करायला लागले! बराच वेळ वाद झाला, चांगला तापला, आणि मग कळलं की दोघांना हवंय एकच. हा किस्सा खुद्द चर्चिल यांनी युद्धाच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात, म्हणजे १९५० च्या ‘द ग्रँड अलायन्स’मध्ये लिहून ठेवलाय. तिकडे रोज माणसं मरत होती, आणि इकडे सेनापती एका क्रियापदावर भांडत होते.

अमेरिकेत सभेचे नियम म्हटलं की ‘रॉबर्ट्स रूल्स’ हे पुस्तक. १८७६ साली हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करी इंजिनिअरने लिहिलं. (इंजिनिअर लोक मीटिंगला किती कंटाळतात याचा हा जुना पुरावा.) त्यात ‘टेबलवर ठेवणे’ म्हणजे विषय तूर्त थांबवणे. आपण मात्र ब्रिटिशांची संसदीय पद्धत घेतली. म्हणून आपल्याकडे अहवाल ‘सभागृहाच्या पटलावर’ ठेवला जातो, तो सगळ्यांसमोर यावा म्हणून. तुमच्या टीममध्ये लंडन आणि न्यू जर्सी दोन्हीकडची माणसं असतील, तर कॉलवर ‘लेट्स टेबल इट’ ऐकलं की सरळ विचारा: आत्ता की नंतर?

आता याच वाक्यातला ‘लेट’ बघा. जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती. ‘लॅटन’ म्हणजे करू देणे आणि ‘लेटन’ म्हणजे अडवणे. हे दुसरं उशीरवाल्या ‘लेट’च्या कुळातलं. उच्चार घासत घासत दोन्हींचा ‘लेट’ झाला. हॅम्लेटला भुताच्या मागे जाण्यापासून मित्र अडवतात, तेव्हा तो हाच अडवण्याचा ‘लेट’ वापरतो. पुढे तो अर्थ मागे पडला, पण दोन ठिकाणी चिकटून राहिला. एक टेनिसमध्ये, सर्व्हिस नेटला लागून गेली की. दुसरं तुमच्या घरात आहे. पासपोर्ट काढा, सुरुवातीच्या पानावरचा राष्ट्रपतींच्या नावाचा मजकूर वाचा. ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’, म्हणजे आडकाठी न करता जाऊ द्या.

‘क्लीव्ह’चंही असंच, तोडणे आणि चिकटणे. तेही मुळात दोन शब्द होते. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये, एकाच ‘जेनेसिस’ पुस्तकात, नवरा बायकोला ‘क्लीव्ह’ होतो आणि अब्राहम लाकडं ‘क्लीव्ह’ करतो.

‘सॅंक्शन’ची गोष्ट मात्र वेगळी. तो एकच शब्द, लॅटिनमधून आलेला. मूळ अर्थ पवित्र करून पक्कं करणे, म्हणजे कायदा. मग कायदा मोडला तर होणारी शिक्षाही त्यातच आली. १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला, तेव्हा राष्ट्रसंघाने इटलीवर सॅंक्शन्स लावली. आणि आपल्याकडे होम लोन सॅंक्शन झालं की पेढे वाटतात.

इंग्रजीला हसण्याआधी आपला ‘परवा’ आठवा. परवा आलो होतो, परवा येईन. दोन दिवस मागे की पुढे, हे क्रियापद येईपर्यंत कळत नाही. व्हॉट्सॲपवर कोणी नुसतं ‘परवा’ एवढंच लिहिलं, तर परत विचारावंच लागतं.