वाटाड्यांचे अंबरनाथ

क्षेत्र पाहणे आणि निसर्ग पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत, असे आपण अलीकडे मानू लागलो आहोत. एका दिवसाची सहल आखताना सकाळी देऊळ, दुपारी धबधबा अशी वाटणी आपोआप होते. जपानमध्ये देवस्थाने आणि डोंगरदऱ्या खासगी वाटाड्याबरोबर एका दिवसात पाहण्याची सोय आहे. तशीच सहल अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या पट्ट्यातही सहज होते. प्रश्न आहे तो वाटाड्याचा. तो काय दाखवतो आणि कशाकडे पाठ फिरवायला लावतो?

वाटाड्या हा धंदा नवा नाही. जपानच्या इसे येथील देवस्थानाला जाणाऱ्या यात्रेकरूंना 'ओशी' नावाचे पुरोहित-यजमान घरी उतरवून घेत, त्यांच्याकडून विधी करवत आणि दर्शन घडवत. मेइजी शासनाने 1871 मध्ये ही पद्धत बंद केली. आपल्याकडे त्र्यंबक-नाशिकचे तीर्थोपाध्याय यजमानांच्या कुळांच्या वह्या पिढ्यान् पिढ्या राखत आले. या वाटाड्यांच्या लेखी देऊळ आणि नदी वेगळी नव्हतीच. आधी स्नान, मग दर्शन, हा त्यांच्या वाटेचा क्रम होता. इसेला आजही यात्रेकरू इसुझु नदीवरचा पूल ओलांडून आत जातो आणि तिच्या काठी हात धुतो.

अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनीच्या काठी उभे आहे, ते याच जुन्या समजुतीने. गर्भगृहात उतरायला सुमारे वीस पायऱ्या आहेत. देव सभामंडपाच्या पातळीखाली आहे आणि वरचे शिखर मोडल्यामुळे त्याच्या माथ्यावर उघडे आकाश आहे. पांडवांनी हे देऊळ एका रात्रीत बांधले, पहाट झाली आणि काम अपुरे राहिले, असे लोककथा सांगते. ही कथा इतिहास म्हणून टिकत नाही, पण तिने पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोरचा प्रश्न नेमका उचलला आहे: एवढे कोरीव काम, आणि माथा उघडा का?

एकोणिसाव्या शतकात वाटाड्या बदलला. लोहमार्ग 1854 मध्ये कल्याणला पोहोचला आणि 1856 मध्ये तेथून खोपोलीपर्यंत गेला. पुढे 1868 मध्ये मुंबई सरकारने या देवळाची आरेखने आणि साचे करवून घेतले. ते काम मुंबईच्या कलाविद्यालयाकडे आले. देवळाच्या उत्तर दरवाजाच्या तुळईवरील लेख डॉ. भाऊ दाजींनी वाचला, तेव्हा त्यांना शके 782 असा काळ दिसला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच आकडा 982 असा वाचला. एका अंकाच्या फरकाने देऊळ दोनशे वर्षे अलीकडे आले: इ. स. 1060, उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी मम्मुणी राजाची कारकीर्द. साहित्याच्या अभ्यासकांनी या घटनेकडे पाठचिकित्सेचा धडा म्हणून पाहावे, असे आम्हांला वाटते. हा आकडा नक्की झाला म्हणूनच भूमिज शैलीच्या आरंभीच्या देवळांत अंबरनाथचे स्थान ठरवता आले, आणि सिन्नरच्या गोंदेश्वराशी त्याची तुलना करता आली.

या दुसऱ्या वाटाड्याने आपल्याला फार मोठे देणे दिले, पण एक गोष्ट नकळत हिरावली. आरेखनाच्या कागदावर देऊळ एकटे येते. त्याच्या भिंतीचा प्रत्येक कोन मोजला जातो, वालधुनी मात्र कागदाच्या कडेबाहेर राहते. पुढच्या काळात नदीची जी गत झाली, तिची मानसिक तयारी या कागदावरच झाली असावी, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; तरी दोन्हींमागची दृष्टी एकच आहे.

उल्हासनगरचे उदाहरण येथे बोलके आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत जागा मिळाली, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. नगराला नाव मिळाले ते नदीचे. त्या लोकांनी सोबत आणलेला झुलेलालही पाण्याचाच देव, माशावर बसलेला. चाळीस दिवसांचे 'चालिहो' व्रत आजही पाळले जाते. सिंधू मागे सोडून आलेल्यांनी उल्हासच्या नावाने गाव वसवले, आणि त्याच गावातून जाणारी वालधुनी पुढे कारखान्यांच्या रसायनांनी रंगली. उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये स्थानिक संस्थांना आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना मोठा दंड ठोठावला. यात कोणा एका समाजाचा दोष पाहणे अन्यायाचे ठरेल. या पट्ट्यात रोजगार कारखान्यांनीच दिला.

आजचा तिसरा वाटाड्या आपल्याला देवळातून थेट बदलापूरजवळच्या कोंडेश्वराला नेतो. तेथे देऊळ, कुंड आणि धबधबा अजून एकत्र आहेत. म्हणून तेथे 'निसर्ग' सापडतो. पण अंबरनाथलाही तो होता. पावसाळ्यात पाणी स्वतःची आठवण करून देतेच: जुलै 2019 मध्ये उल्हासच्या पुराने बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडवली, आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले.

विद्यार्थ्यांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांना आम्ही एवढेच सुचवू: शिलालेखाचा शक जरूर सांगावा, पांडवांची कथाही सांगावी. मग देवळाला वळसा घालून मुलांना वालधुनीच्या काठावर उभे करावे. नाकाला रुमाल लागला तरी हरकत नाही. मम्मुणी राजाच्या देवळाने आपली जागा या पाण्याकडे पाहून निवडली होती, हे तेथूनच कळते.